सीमाभागातील शिक्षक आणि शिक्षणशास्त्रातील लवचिक पदव्युत्तर पदवी

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा तीन दिशांना वाटला गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला आणि बिदर, भालकी, हुमनाबादसह उरलेला भाग म्हैसूर राज्यात राहिला. प्रशासनाची सीमा अशी बदलली, पण बोलण्याची बदलली नाही. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद या पट्ट्यात आजही बाजारात मराठी चालते, कचेरीत कन्नड लागते, आणि मुस्लीम घरांत दखनी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही जिल्ह्यांत मुस्लीम समाज लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. या समाजातून शिक्षकी पेशात आलेली पिढी आता बी.एड. पर्यंत पोहोचली आहे. तिच्यापुढे आता पदव्युत्तर शिक्षणाचा प्रश्न उभा आहे आणि तो वाटतो तितका सरळ नाही.

हा प्रश्न व्यक्तीच्या पगारवाढीपुरता नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवले की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर वा पदविकाधारकांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी होते. एकूण लोकसंख्येत ते सुमारे सात टक्के होते. पदवीधरच कमी, मग शिक्षकांना शिकवणारे किती असणार? समाजाच्या संस्था अध्यापक महाविद्यालये काढतात, इमारती उभ्या राहतात, आणि जाहिरात दिल्यावर पात्र उमेदवार मिळत नाही. सीमाभागातल्या शिक्षकाने कोणती पदव्युत्तर पदवी घ्यावी हा म्हणूनच संस्थांच्याही हिताचा विषय आहे.

पहिला मार्ग एम.एड. चा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व पूर्णवेळ केला. वर्षाला दोनशे कामाचे दिवस, तासिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी अशी अट घातली. भालकीच्या शाळेत सकाळी दहाला हजर असणाऱ्या शिक्षकाला ती पाळायची तर दोन वर्षांची रजा काढावी लागते. बिनपगारी रजेवर कुटुंब चालवणे थोड्यांनाच जमते. दूरशिक्षणाने एम.एड. करता येईल का, अशी विचारणा सतत होते. २०१४ च्या नियमांत एकूण पंधरा अभ्यासक्रमांचे निकष आहेत. त्यांत दूरशिक्षणाने चालणारे डी.एल.एड. आणि बी.एड. आहे, दूरशिक्षणाचे एम.एड. नाही. तेव्हा या नियमांचा हवाला देत कोणी ‘घरबसल्या एम.एड.’ विकत असेल तर त्याला परिषदेचे मान्यतापत्र मागावे. सहसा बोलणे तिथेच थांबते. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात एक वर्षाच्या एम.एड. बरोबर नोकरीतल्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या अर्धवेळ एम.एड. चा प्रस्ताव होता. नोकरदार शिक्षकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मात्र मसुदा म्हणजे नियम नव्हे. अंतिम अधिसूचना आणि त्या त्या महाविद्यालयाला मिळालेली मान्यता, दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरा मार्ग शिक्षणशास्त्रातील एम.ए. चा. लवचिक पदवी म्हणतात ती प्रत्यक्षात हीच. ही विद्याशाखीय पदवी आहे, अध्यापक प्रशिक्षणाची नव्हे, म्हणून ती दूरशिक्षणाने घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, हा अभ्यासक्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला त्यात प्रवेश मिळतो, बी.एड. ची अट नाही. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा नोंदणी होते, परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात. पदवी किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पुरी करायची. पहिल्या वर्षाचे पेपर राहिले तरी दुसऱ्या वर्षाची नोंदणी करता येते. प्रत्येक पेपरात गृहपाठाला ३० टक्के व सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. गृहपाठ मुदतीत दिला नाही तर परीक्षेला बसण्याचा हक्कच जातो, हे अनेकांना उशिरा कळते.

या पदवीने नेमके कोणते दार उघडते? बी.एड. महाविद्यालयातील अध्यापकपदांची २०१४ च्या नियमांनी विभागणी केली. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र असे आधारविषय शिकवण्यासाठी दोन पर्याय ठेवले: सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., अथवा शिक्षणशास्त्रातील एम.ए. आणि बी.एड. दोन्ही पर्यायांत प्रत्येक पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. म्हणजे ज्याच्याजवळ आधीच बी.एड. आहे त्याला शिक्षणशास्त्रातील एम.ए. पुरते. विषय-अध्यापन पद्धती शिकवण्यासाठी मात्र त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दोन्ही मागितल्या आहेत, आणि प्राचार्यपदासाठीही एम.एड. व पीएच.डी. लागते. गणित वा उर्दू अध्यापनपद्धतीची जागा डोळ्यांसमोर असेल तर एम.ए. घेऊन भागणार नाही. अर्ज भरण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

यातच एक खड्डा आहे. इग्नूच्या या परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ४० टक्के गुण पुरेसे असतात. अध्यापकपदाला ५५ लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेलाही खुल्या गटासाठी ५५ टक्क्यांची अट आहे. इतर मागासवर्गीयांना, ते क्रीमी लेअरमध्ये नसल्यास, ५० टक्के चालतात. आपली जात केंद्राच्या यादीत आहे की केवळ राज्याच्या, हे त्यासाठी आधी पाहावे, कारण ‘नेट’ ला केंद्राची यादी धरली जाते. ४८ टक्के मिळवून पदवी हाती आलेला शिक्षक पदवीधर संमेलनात मिरवू शकतो, मुलाखतीला मात्र बसू शकत नाही. नोकरी करता करता ‘पास झालो म्हणजे झाले’ असा विचार होतो, तो इथे फार महाग पडतो. शिवाय गुणांची झीज बहुधा गृहपाठात होते. दुसऱ्याची वही उतरवून दिलेल्या गृहपाठाला जेमतेम गुण पडतात आणि मग परीक्षेतल्या ७० टक्क्यांवर सारा बोजा येतो.

मान्यतेची बाब स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे, कारण या भागाने तिचा फटका अनुभवला आहे. म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ मध्ये स्थापन झाले. कार्यक्षेत्राबाहेर अभ्यासक्रम चालवल्याच्या वादातून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२-१३ पासून त्याची मान्यता रोखली. ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्यांचे काय, या चिंतेत हजारो विद्यार्थी अडकले, आणि त्यांत दोष असला तर तो विद्यार्थ्यांचा नव्हता. विद्यापीठ शासनाचे आहे एवढे पाहून भागत नाही, हा यातला बोध. ज्या वर्षी, ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्याच सत्रासाठी, त्याच अभ्यासक्रमाला, आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे पाहावे लागते. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला या मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक काढावा लागतो. हे काम एजंटावर न सोडता स्वतः केले की मान्यताप्राप्त यादीही आपोआप नजरेखालून जाते. यादीत नाव असेल तर मग न्यूनगंडाचे कारण नाही: आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरवली आहे.

सीमाभागाचा खास पेच कार्यक्षेत्राचा आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून दूरशिक्षण देते. औरादहून उदगीर किंवा देगलूर जवळ, आळंदहून उमरगा जवळ. मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकाचा ओढा तिकडे असणे स्वाभाविक आहे. पण राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाचे केंद्र आपल्या राज्याबाहेर काढता येत नाही. कमलनगरच्या गल्लीत जर महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाचे ‘अधिकृत केंद्र’ अशी पाटी दिसली तर तिच्यापासून दूर राहावे. सीमा ओलांडून पलीकडच्या केंद्रात नाव घालायचे असल्यास, कर्नाटकातील रहिवाशाला प्रवेश देतो का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. केंद्रीय विद्यापीठांना ही अडचण नाही. इग्नूचे प्रादेशिक केंद्र विजयपूरला आहे. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, त्याचे अध्यापक शिक्षण महाविद्यालय बिदरमध्येच आहे आणि उर्दूतून बी.एड. करण्याची सोय त्यामुळे या भागात आली. (ज्या शहरात महमूद गवानाचा मदरसा १४७२ साली पुरा झाला, त्या शहराला अशी संस्था मिळायला तशी बरीच वाट पाहावी लागली.)

पण उर्दूतून बी.एड. झालेला किंवा मराठीतून पदवी घेतलेला शिक्षक इग्नूच्या एम.ए. ला आला की त्याला इंग्रजी आणि हिंदी एवढेच दोन पर्याय दिसतात. दखनी बोलणाऱ्याला हिंदी कानाला सोपी वाटते. मात्र पुस्तकातली हिंदी संस्कृतप्रचुर असते. ‘अधिगम’, ‘मूल्यांकन’, ‘पाठ्यचर्या’ हे शब्द उर्दूत शिकलेल्यास परके आणि मराठी शिकलेल्यास अर्धे ओळखीचे. इंग्रजी घेतली तर वाचन हळू होते, पण संदर्भग्रंथ आणि ‘नेट’ ची तयारी सोपी जाते. इथे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. पहिल्या दोन महिन्यांत दोन्ही भाषांतले एकेक प्रकरण वाचून पाहावे आणि मगच माध्यम ठरवावे, इतपत सांगता येते.

लवचिकता म्हणजे काय याचाही हिशेब मांडावा. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांच्या एका पेपराला १८० तास लागतात. असे पाच पेपर वर्षभरात घेतले तर ९०० तास, म्हणजे आठवड्याला सतरा-अठरा तास. शाळा, घर, निवडणूक आणि जनगणनेची कामे सांभाळून एवढा वेळ काढणे कठीणच. शिक्षिकांना तर अधिकच, कारण शाळेतून घरी आल्यावर त्यांचा दुसरा कामाचा दिवस सुरू होतो. म्हणून पहिल्यापासून तीन वर्षांचा बेत करणे शहाणपणाचे. चार वर्षांची मुदत यासाठीच ठेवलेली आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. शासकीय सेवेतील शिक्षकाने प्रवेशापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर सेवापुस्तकात पदवीची नोंद होताना अडथळा येतो.

अभ्यासक्रमात एक भाग असा आहे की जिथे सीमाभागातला शिक्षक पुणे-बंगळूरच्या विद्यार्थ्याहून पुढे असतो, तो म्हणजे लघुशोधप्रबंध. दुर्दैवाने बहुतेक जण ‘विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचा अभ्यास’ असला घासून गुळगुळीत झालेला विषय घेतात आणि एखादी तयार प्रश्नावली वाटून मोकळे होतात. त्यांच्या वर्गात मात्र रोज एक वेगळाच प्रश्न बसलेला असतो. बसवकल्याणच्या उर्दू शाळेतले मूल घरी दखनी बोलते. शाळेत त्याला लेखी उर्दू मिळते. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमानुसार, २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने, कन्नड हा विषय अनिवार्य झाला. त्याशिवाय इंग्रजी आहेच, आणि गल्लीत मराठी. पाच भाषांचा हा संसार त्या मुलाला ओझे ठरतो की आधार?

याचे उत्तर प्रत्यक्ष पाहून शोधता येण्यासारखे आहे. दखनीत मराठीच्या खुणा स्पष्ट आहेत. नकारार्थी ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ च. जोर देण्यासाठी शब्दाला लागणारा ‘च’ देखील मराठीकडूनच आला. मूल ‘वैसाच’ म्हणते तेव्हा त्याच्या तोंडी मराठीची रचना आधीच असते. प्रमाण उर्दूत याला चूक मानून शिक्षक खोडतो. ही ‘चूक’ पूल म्हणून वापरली तर मराठी वाचनाला किती मदत होते, हे तिसरी-चौथीच्या दोन वर्गांत एका सत्रात तपासता येईल. कर्नाटकात पाठ्यपुस्तके मराठी आणि उर्दूसह अनेक माध्यमांत निघतात. एकच धडा उर्दू, मराठी आणि कन्नड पुस्तकांतून घेऊन त्यातले कोणते शब्द मुलाला अडतात, याची यादी करणे हेही संशोधनच आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. वही, पेन्सिल, पालकांची संमती आणि मार्गदर्शकाची आराखड्याला वेळेवर मिळालेली मान्यता एवढे पुरते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत उशिरा मिळते, म्हणून आराखडा पहिल्या वर्षीच लिहून ठेवावा.

या बाबतीत शिक्षण संस्थांनाही थोडे करता येईल. शाळेची एक खोली रविवारी सकाळी चार तास उघडी ठेवली, त्यात शिक्षणशास्त्राची पंचवीस पुस्तके व इंटरनेट ठेवले, आणि एम.ए. पूर्ण केलेल्या एका शिक्षकाला त्या वेळी तिथे बसायला सांगितले, तरी भालकी वा आळंदच्या विद्यार्थिनीला गृहपाठासाठी कलबुर्गी गाठावी लागणार नाही. संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना परीक्षेच्या दिवसांची रजा आधीच लिहून द्यावी. आणि पूर्ण झालेला प्रत्येक लघुशोधप्रबंध शाळेच्या ग्रंथालयात एका प्रतीने जमा व्हावा. सध्या तो विद्यापीठाकडे जातो आणि ज्या वर्गाबद्दल लिहिला आहे त्या शाळेत कोणी वाचत नाही.