धर्मादाय रुग्णालय : शिल्लक कोणाची, हिशेब कोणाला?

एखादी संस्था नफ्यासाठी चालत नाही असे म्हटले की तिच्याविषयी जनमानसात आपोआप आदर निर्माण होतो. रुग्णालयाच्या बाबतीत तर हा आदर श्रद्धेच्या कोटीला पोहोचतो. अर्थशास्त्रात मात्र ‘ना-नफा’ या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे. अशा संस्थेला शिल्लक उरू शकते, आणि ती कितीही मोठी असू शकते. फक्त ती कोणा भागधारकाला वाटून घेता येत नाही. ती कोणी, कशासाठी आणि कोणाला विचारून खर्च करावी, याविषयी हा शब्द मौन पाळतो. या मौनाची किंमत काय असते, हे अमेरिकेतील पिट्सबर्ग या शहराच्या अनुभवावरून ध्यानात येते.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील हे शहर पोलादावर वाढले. अँड्र्यू कार्नेगीने १८७५ साली आपला पोलादाचा कारखाना शेजारच्या ब्रॅडक गावी सुरू केला आणि पुढे शंभर वर्षे साऱ्या खोऱ्याचे पोट भट्ट्यांनी भरले. १९८०च्या दशकात या भट्ट्या एकामागून एक विझल्या. ती पोकळी भरून काढली ती पिट्सबर्ग विद्यापीठाशी निगडित असलेल्या रुग्णालयांनी. याच विद्यापीठात जोनास साल्क यांनी पोलिओची लस सिद्ध केली होती व १९५५ मध्ये तिचे यश जाहीर झाले होते. १९८१ साली यकृतरोपणाचे प्रवर्तक थॉमस स्टार्झल तेथे आले आणि देशोदेशींचे रुग्ण या शहराची वाट धरू लागले. १९८६ पासून विद्यापीठाभोवतीची रुग्णालये एका व्यवस्थापनाखाली येत गेली. त्यातूनच ‘यूपीएमसी’ ही संस्था आकाराला आली. आज तिची सुमारे चाळीस रुग्णालये आहेत, स्वतःची विमा योजना आहे आणि सरकार वगळता राज्यातील सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था तीच आहे. यू. एस. स्टीलच्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर २००८ साली याच संस्थेची अक्षरे चढली.

या संस्थेचे कर्तृत्व नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात रुग्णाला आपण काय विकत घेतो आहोत हेच कळत नसते. त्याला विश्वासावर चालावे लागते. नफ्याचा वास आला की हा विश्वास डळमळतो. शिक्षण, संशोधन आणि उपचार ही तीन कामे एका छपराखाली चालवायची, तर एका विभागाच्या शिलकीतून दुसऱ्याची तूट भरावी लागते, आणि ते ना-नफा संस्थेलाच साधते. प्रश्न उपस्थित होतो तो या शिलकीचा ओघ कोणीकडे वळतो, हा.

ब्रॅडकचेच उदाहरण घ्यावे. एके काळी वीस हजार वस्तीचे हे गाव २०१० साली जेमतेम दोन हजारांवर आले होते. त्याच वर्षी जानेवारीअखेर यूपीएमसीने तेथील आपले रुग्णालय बंद केले. ते तोट्यात होते आणि खाटा रिकाम्या राहत होत्या, हा संस्थेचा युक्तिवाद होता. परंतु २०१२ साली तिने मनरोव्हिल या सुस्थित उपनगरात नवे रुग्णालय उघडले. तेथे दुसऱ्या संस्थेचे रुग्णालय आधीपासून होते. गरज ब्रॅडकला होती. पैसे देऊ शकणारा रुग्ण मनरोव्हिलला होता. नफेखोर कंपनीने याहून वेगळे काय केले असते?

याच सुमारास दुसरा कलह उद्भवला. हायमार्क ही या भागातील बलाढ्य विमा संस्था, आणि तीही ना-नफा. तिने २०११ साली प्रतिस्पर्धी रुग्णालयसमूह ताब्यात घेण्याचे ठरविताच, तिच्या विमाधारकांसाठीचा करार पुढे न चालविण्याची भूमिका यूपीएमसीने घेतली. आपला डॉक्टर आपल्याला उद्या पाहील की नाही, या चिंतेत हजारो कुटुंबांनी वर्षे काढली. अखेर राज्याच्या ॲटर्नी जनरलने न्यायालयात धाव घेतल्यावर, जून २०१९ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. मक्तेदारीची ओढ भागधारकांवाचूनही जन्म घेते, हा यातील धडा होय.

तिसरा प्रश्न कराचा. तेथील नगरपालिका आणि शाळा मुख्यतः मालमत्ताकरावर चालतात, आणि धर्मादाय संस्थेला तो माफ असतो. रुग्णालय जितकी जमीन घेईल, तितका शाळांचा करपाया आकुंचन पावतो. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली या सवलतीसाठी पाच कसोट्या घालून दिल्या. सेवेचा भरीव भाग मोफत देणे आणि सरकारवरील भार हलका करणे या त्यांपैकी दोन. त्यांच्या आधारे पिट्सबर्ग शहराने २०१३ साली यूपीएमसीच्या सवलतीला आव्हान दिले. मूळ संस्थेकडे स्वतःचा एकही कर्मचारी नाही, आहेत ते उपसंस्थांचे, असा बचाव करण्यात आला! २०१४ साली शहराने दावा मागे घेतला आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात, तसेच एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकावयाची असते. पिट्सबर्गला आकड्यांत न मांडलेले कर्तव्य येथे आकड्यांत बांधले गेले, हे या योजनेचे श्रेय आहे. मात्र आकडा कागदावर असणे वेगळे, आणि दाराशी आलेल्या निर्धन रुग्णाला ती खाट मागण्याचा आपला हक्क ठाऊक असणे वेगळे.

करसवलत ही समाजाने केलेली गुंतवणूक असते. शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकरात तिचा वाटा असतो. भागधारक ताळेबंद मागू शकतो, मतदार सरकारला जाब विचारू शकतो. धर्मादाय रुग्णालयाला मात्र यांपैकी कोणीच धनी नसतो. म्हणूनच कोणते रुग्णालय का बंद केले, कोणते कोठे उघडले आणि किती निर्धनांवर उपचार केले, याचा जाहीर हिशेब दरवर्षी मागण्याचा अधिकार त्या परिसरातील नागरिकांना कायद्याने मिळावयास हवा. अन्यथा ‘धर्मादाय’ ही पाटी करमाफीच्या अर्जापुरतीच उरेल.