एक मणी चुकला तर?

प्रथिन म्हटलं की लोकांना डाळ-अंडी आठवतात. मला आठवते त्याची घडी!

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच घ्या. अमिनो आम्लांचे मणी ठरलेल्या क्रमाने ओवले की माळ होते. हा क्रम म्हणजे प्राथमिक रचना. मग माळेचे भाग गोल जिन्यासारखे वळतात, दर फेऱ्याला साधारण 3.6 मणी. ही द्वितीयक रचना. (हे वळण रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगला 1948 मध्ये ऑक्सफर्डला, सर्दीने अंथरुणात पडल्या पडल्या कागद दुमडताना सुचलं. आपण सर्दीत फक्त वाफ घेतो.) पुढे अख्खी माळ गुंडाळून गोळा होते, पाण्याला नाखूश मणी शक्यतो आत. ही तृतीयक. असे चार गोळे एकत्र आले की चतुर्थक: 141 मण्यांच्या दोन अल्फा साखळ्या, 146 च्या दोन बीटा. एका गोळ्याने ऑक्सिजन धरला की बाकीच्यांना तो धरणं सोपं जातं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

आता बीटा साखळीतला सहावा मणी बदला: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस्स, एवढंच. ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर वळतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरांना तो ठाऊक आहे.

हा आजार आनुवंशिक आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. विदर्भ-नंदुरबारकडचे असाल तर लग्न ठरवण्याआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या.