डास आणि लस (भाग ६) : प्रथिन तेच, आकार वेगळा

गेल्या आठवड्यात आपण डेंगीच्या जिवंत पण दुर्बल केलेल्या लशींपाशी थांबलो होतो. त्यांपैकी 'डेंग्वॅक्सिया' ही लस २०१६ पासून फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना देण्यात आली. ज्यांना आधी कधीच डेंगी झाला नव्हता, त्यांना लशीनंतर होणारा डेंगी अधिक गंभीर ठरू शकतो, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केले आणि ती मोहीम बंद पडली. यावर एक उपाय सहज सुचतो. अख्खा विषाणू शरीरात सोडायचाच कशाला? त्याच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये किंवा दुसऱ्या पेशींत घालावे, तिथे ते प्रथिन तयार करून घ्यावे आणि तेवढेच टोचावे. हिपॅटायटिस-बीची लस १९८६ पासून अशीच बनते. तर्क चांगला आहे, पण डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत तो अर्ध्या वाटेवर थांबतो. प्रथिन निवडले की काम संपत नाही. ते शरीरापुढे कोणत्या आकारात येते, यावर लशीचे बरेवाईट ठरते, असे माझे म्हणणे आहे.

डेंगीच्या विषाणूवर ई-प्रथिनाच्या १८० प्रती असतात. त्या जोडीजोडीने, फरशा बसवाव्यात तशा, पृष्ठभागावर आडव्या पसरलेल्या असतात. माणसाच्या रक्तात सापडणारी काही अत्यंत प्रभावी प्रतिपिंडे या जोडीतल्या दोन्ही प्रथिनांना मिळून पकडतात. एकेकटे प्रथिन त्यांना ओळखू येत नाही. आता लशीसाठी हेच प्रथिन वेगळे बनवायचे तर विषाणूच्या आवरणात रुतलेली त्याची शेपटी कापावी लागते, म्हणजे ते पाण्यात विरघळते. अमेरिकेत 'व्ही१८०' या लशीसाठी असे सुमारे ८० टक्के ई-प्रथिन फळमाशीच्या पेशींत तयार केले गेले. मानवी चाचणीत प्रतिपिंडे वाढली, पण काही महिन्यांतच बरीच ओसरली. त्याहून महत्त्वाची अडचण पुढे प्रयोगशाळांत स्पष्ट झाली. विरघळलेल्या ई-प्रथिनाच्या जोड्या शरीराच्या ३७ अंश तापमानाला सुटतात. जोडी सुटली की प्रथिनाचे एरवी दडलेले टोक उघडे पडते. हे टोक डेंगीच्या चारही प्रकारांत जवळपास सारखेच असते. त्यामुळे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे चारही विषाणूंना चिकटतात, पण त्यांना निष्प्रभ मात्र फारसे करत नाहीत. अशा चिकटलेल्या प्रतिपिंडांचा आधार घेऊनच विषाणू रोगप्रतिकारक पेशींत शिरतो. म्हणजे ज्या धोक्यापासून दूर जायला निघालो, तोच आकार बिघडलेल्या प्रथिनामुळे पुन्हा दारात येऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी ई-प्रथिनात नेमके बदल करून जोड्या सुटणार नाहीत असे रेणू घडवले. मला हे काम नव्या अॅडज्युवंटच्या, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या पूरक घटकाच्या, शोधाहून अधिक मोलाचे वाटते.

नवी दिल्लीच्या आयसीजीईबी या संस्थेने वेगळी वाट धरली. ई-प्रथिनाचा फक्त तिसरा भाग घ्यायचा, चारही प्रकारांतले हे भाग एकत्र जोडायचे आणि ते हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठप्रथिनावर बसवून यीस्टमध्ये विषाणूसारखे दिसणारे कण बनवायचे. त्रास देणारे टोक या लशीत नाहीच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उंदीर आणि माकडांमध्ये चारही प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, आणि उंदरांमध्ये त्यांनी रोग बळावू दिला नाही. यावरचा आक्षेपही वजनदार आहे. नैसर्गिक डेंगीनंतर माणसाच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रभावी प्रतिपिंडांत या तिसऱ्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे थोडीच असतात. पण निसर्गात एखादा भाग दुर्लक्षित राहतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. विषाणू आपल्या पृष्ठभागाची मांडणी आपल्या सोयीने करतो, लसही त्याच मांडणीने बनवावी असे बंधन नाही. अर्थात, हे माणसांवरच्या चाचणीत दिसायला हवे. उंदराला डेंगी माणसासारखा होत नाही.

चिकनगुनियाचे गणित सोपे आहे, कारण त्याचा एकच प्रकार आहे. बार्शीत १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली, आणि २००६ मध्ये देशभर सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. 'व्हिमकुन्या' या लशीत चिकनगुनियाची रचनात्मक प्रथिने मानवी पेशींत तयार केली जातात. ती आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ कण बनतात, पण आत जनुकीय द्रव्य नसते, त्यामुळे संसर्ग होऊ शकत नाही. आकार मूळचाच राहतो, हे विशेष. अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला परवानगी दिली. लस दिल्यानंतर २१ दिवसांनी १२ ते ६४ वयोगटातल्या सुमारे ९८ टक्के, तर ६५ वर्षांवरील ८७ टक्के लोकांत पुरेशी प्रतिपिंडे आढळली.

प्रथिन-लशी दुबळ्या असतात, त्यांचे अनेक डोस लागतात, जिवंत लस एका टोचणीत काम करते, असे म्हटले जाते. 'व्हिमकुन्या'चाही एकच डोस आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. चिकनगुनियाची जिवंत लस 'इक्सचिक' हिच्या वृद्धांमधील गंभीर दुष्परिणामांची नोंद झाली, फ्रान्सने एप्रिल २०२५ मध्ये रियुनियन बेटावर ६५ वर्षांवरील लोकांसाठी ती थांबवली, आणि अमेरिकेने ऑगस्टमध्ये तिचा परवाना निलंबित केला. ज्यांना साथीत सर्वाधिक धोका, त्यांनाच लस टोचता येत नसेल तर एका टोचणीचे कौतुक कसले? तरीही 'व्हिमकुन्या'ची परवानगी प्रतिपिंडांच्या मोजमापावर आधारलेली आहे, प्रत्यक्ष रोग टळल्याच्या पुराव्यावर नाही, हे मान्य करायलाच हवे. चिकनगुनियाच्या साथी सांगून येत नाहीत, म्हणून तो पुरावा मिळवणे अवघड जाते.

डेंगीसाठी मात्र ही सूट देऊ नये. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ५ ते ८ वयोगटातल्या केवळ २८ टक्के मुलांच्या रक्तात पूर्वीच्या डेंगीची खूण सापडली. म्हणजे या वयातल्या जवळपास तीनचतुर्थांश मुलांना लशीनंतर होणारा डेंगी हा पहिलाच असेल, आणि फिलिपिन्समध्ये हाच गट धोक्यात आला होता. कोणत्याही प्रथिन-लशीच्या चाचणीत या मुलांचे निकाल वेगळे मोजायला हवेत, आणि तेही एका पावसाळ्यापुरते नव्हे, तर प्रतिपिंडे ओसरल्यानंतरच्या पावसाळ्यांतही.