जुन्या जीपगाडीचा वेग मंदावल्यास कारण कसें शोधावें

चारही चाकांना शक्ति पोंचविणारी जुनी जीपगाडी आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारीं उभी आहे. १९४७ च्या सुमारास मुंबईस विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडण्यास आरंभ झाला. तेव्हांपासून बांधापासून बाजारापर्यंतचीं सर्व कामें ही गाडी करीत आली. तिच्याविषयीं एक तक्रार मात्र नेहमीं ऐकूं येते. पहिल्या गिअरांत गाडी बरी उठते, पण दुसरा किंवा तिसरा टाकला कीं पाय कितीही दाबला तरी वेग धरीत नाहीं. मिस्त्री याला ‘पिकअप गेला’ असें म्हणतात, आणि त्यांचें पुढचें वाक्य बहुधा ‘इंजिन उतरावें लागेल’ हें असतें. या दुसऱ्या वाक्यास होकार देण्यापूर्वीं मालकानें स्वतः काय पाहावें, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आमच्या घरच्या डिझेल जीपच्या बाबतींत आम्हीं तें पाहिलें नाहीं. कांद्याचीं पोतीं भरून ओतूरहून आळेफाट्यास जातांना गाडी चढावर दम टाकूं लागली. एका गॅरेजांत इंजिन उतरविलें, बोअर केला, पिस्टन व रिंगा नव्या घातल्या. लागवडीसाठीं बाजूस ठेविलेली रक्कम त्यांत गेली, आणि गाडी परत आली ती पूर्वीइतकीच मंद! पुढें एके दिवशीं मागून जळका वास आला म्हणून उतरून पाहिलें, तों मागील दोन्ही ड्रम हात लावूं देईनात. मागच्या आंसाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी आंतून सुजली होती. पाय दाबला कीं ब्रेकचें तेल पुढें जाई, पण पाय काढल्यावर परत येत नसे. दोष एका नळीचा, आणि शिक्षा मात्र सबंध इंजिनास झाली.

विहिरीचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचेना म्हणजे आपण प्रथम विहीर खोल करीत नाहीं. पाट कोठें फुटला आहे काय तें पाहतों. गाडीचेंही तसेंच आहे. इंजिनांत शक्ति उत्पन्नच होत नाहीं, कीं उत्पन्न झालेली वाटेंत मुरते, हा पहिला प्रश्न.

तत्पूर्वीं गाडीचा मूळ स्वभाव जाणला पाहिजे. सीजे जातीच्या तीन गिअरांच्या विलिस जीपमध्यें पहिला गिअर इंजिनाचा जोर सुमारें २.८० पट करतो, दुसरा १.५५ पट, आणि तिसऱ्यांत तो आहे तसाच पुढें जातो. म्हणून पहिल्या गिअरांत लहानसहान अडथळा झांकला जातो व तिसऱ्यांत उघडा पडतो. शिवाय गिअरांमधील ही पायरी उंच आहे. मूळ मापाचे टायर असतां दुसऱ्या गिअरांत ताशीं ३० किलोमीटर वेगास तिसरा टाकला, तर इंजिन मिनिटास सुमारें १२०० फेऱ्यांवर येतें. ४० ला टाकला तर १६०० वर राहतें. या पेट्रोल इंजिनाचा खरा जोर २००० फेऱ्यांच्या आसपास आहे. इंधन वांचविण्याच्या समजुतीनें भरल्या गाडीस घाईनें वरचा गिअर देणाऱ्यानें गाडीस दोष देऊं नये. तसेंच ६.०० च्या जागीं ७.०० मापाचे टायर घातले कीं चाकाचा घेर वाढतो आणि त्या मानानें ओढा कमी होतो. मोठ्या टायरांची हौस अलीकडे फार बोकाळली आहे.

आतां वाट तपासावी. सपाट जागीं गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून दोघांनीं ढकलावी. ती सहज सरकली पाहिजे. दोन-तीन मैल चालवून, शक्यतों ब्रेक न लावतां थांबावें आणि प्रत्येक ड्रमाजवळ पालथा हात न्यावा. एखादा अधिक तापला असेल तर तेथें ब्रेक धरतो आहे. चारही तापले असतील तर ब्रेकच्या पायाला थोडी मोकळीक आहे कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर मास्टर सिलिंडरांतून तेल परतत नाहीं. चाक जॅकवर घेतांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें फिरणाऱ्या दांड्यावर असतो. मागचें एक चाक उचललें कीं तो गाडीस धरूं शकत नाहीं. जमिनीवरच्या चाकांना दोहों बाजूंनीं दगड लावल्यावांचून गाडीखालीं जाऊं नये.

नंतर क्लच. वरच्या गिअरांत मध्यम वेगानें जातांना पाय एकदम दाबावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या मानानें वाढला नाहीं, तर क्लच सरकतो आहे. पायाला एखाद इंचाची मोकळीक नसेल तर ती देऊन पाहावी. प्लेटवर तेल झिरपलें असेल तर मात्र गिअरपेटी उतरण्यास पर्याय नाहीं.

चार चाकांचा दांडा सुटला आहे ना, हेंही पाहावें. या गाडींत पुढच्या व मागच्या आंसांस वेगवेगळें फिरूं देणारी सोय नाहीं. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाकें जोडलेलीं राहिलीं, आणि त्यांत पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले असले, तर दोन्ही आंस एकमेकांशीं झगडतात व गाडी बांधल्यासारखी चालते. दांडा दोन चाकांवर आणून पुढचें एक चाक उचलावें व हातानें फिरवावें. तें अडून बसलें, आणि त्याचा ब्रेक मोकळा असला, तर आंतील जोड सुटलेला नाहीं.

एवढें निर्दोष ठरल्यावरच इंजिनाकडे वळावें. इंजिन बंद ठेवून एकानें ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्यानें पंपाचा किंवा कार्ब्युरेटरचा दांडा शेवटास टेकतो कीं नाहीं तें पाहावें. पायाखालची जाड चटई तो अडविते, हें हसण्यासारखें वाटेल, पण घडतें. डिझेल गाडी भरून चढावर न्यावी व मागें धूर पाहावा. काळा धूर निघून जोर नसेल तर हवा अपुरी आहे किंवा नोझल नीट फवारत नाहीं. मळणीच्या हंगामांत एअर क्लीनरचें तेल चिखलासारखें होतें, तें आधीं बदलावें. धूर नाहीं आणि जोरही नाहीं, तर डिझेलच पुरेसें पोंचत नाहीं: फिल्टर तुंबला, पिंपांतलें पाणी आलें, अथवा टाकीच्या झांकणाचें छिद्र बुजलें. झांकण सैल करून थोडें चालवितांच सुधारणा दिसली, तर फुकटांत निदान झालें. गंजून तुंबलेला सायलेन्सरही विसरूं नये.

पेट्रोल गाडी पाय दाबतांच क्षणभर गुदमरून मग उठत असेल, तर थंड इंजिनावर कार्ब्युरेटरची हवेची नळी काढून दांडा झटकन हलवावा. आंत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. न उडाल्यास छोट्या पंपाचें चामडें वाळलें आहे. (या वेळीं विडी ओढणारास दूर धाडावें.) डिस्ट्रिब्यूटरचा रोटर बोटानें फिरण्याच्या दिशेस वळवून सोडला असतां उसळून मागें यावा, तो अडकून राहिला तर वेगाबरोबर ठिणगी पुढें सरकत नाहीं.

निळा धूर, घटणारें तेल आणि बंद पडलेला ओढा हीं तिन्ही एकत्र दिसलीं, तरीही प्रथम कॉम्प्रेशन मोजवून घ्यावें. पेट्रोल इंजिनांत कमी भरलेल्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें. आंकडा चढला तर रिंगा झिजल्या. तेवढाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा, आणि मग बोअर करण्याचें कारण नाहीं.