फोटोपी : फुकटामागचं गणित

लग्नाचा अल्बम असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की बारशाची पत्रिका; आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंचं आणि डीटीपी केंद्रांचं बरंचसं काम पीएसडी फायलींवर चालतं. तयार डिझाइनची फाइल उघडायची, फोटो बदलायचे, नावं टाकायची आणि प्रिंटला पाठवायचं. ही फाइल मूळची फोटोशॉपची. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेला हा प्रोग्रॅम ॲडोबीनं १९९० साली बाजारात आणला. २०१३मध्ये कंपनीनं धोरण बदललं: पुढच्या आवृत्त्या एकरकमी विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरत राहायची.

त्याच २०१३ साली फोटोपी सुरू झालं: ब्राउझरमध्येच चालणारा, पीएसडी फायली उघडणारा फुकट फोटो-संपादक. ते लिहिणारा इव्हान कुत्स्किर हा मूळचा युक्रेनचा, प्रागमध्ये राहणारा तरुण. पुढे कितीतरी वर्षं या प्रोग्रॅमचं जवळपास सगळं काम तो एकटाच करत होता.

फोटोशॉपला फुकट पर्याय त्याआधीही होते. गिंप तर १९९६पासून आहे. पण फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसाला तिथे नव्यानं शिकावं लागतं. कुत्स्किरनं उलटा रस्ता धरला. डावीकडे तीच हत्यारं, उजवीकडे तीच लेयरची यादी. मास्क, ब्लेंड मोड, स्मार्ट ऑब्जेक्ट सगळं ओळखीच्या जागी. शॉर्टकटही बहुतेक तेच. ‘कंट्रोल-टी’ मात्र चालत नाही, कारण ते दाबलं की ब्राउझर नवा टॅब उघडतो. म्हणून आकार बदलायला सोबत ‘ऑल्ट’ही दाबावं लागतं. आपण कुणाच्या घरात राहतोय, याची आठवण करून देणारी ही एक खूण.

खरी करामत पडद्यामागे आहे. ब्राउझरमध्ये चालतं म्हटल्यावर आपला फोटो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जात असेल, असं वाटतं. फोटोपीत नेहमीच्या कामासाठी तो जात नाही. साइट उघडताना उलट प्रोग्रॅमच आपल्याकडे येतो. फाइल वाचणं, लेयर सुटे करणं, रंग मिसळणं ही कामं जावास्क्रिप्ट आपल्याच संगणकावर करते आणि चित्र उमटवायला ग्राफिक्स चिपची मदत घेते. म्हणजे घराच्या कागदपत्रांचं स्कॅन किंवा पासपोर्टचा फोटो तिथे उघडला, तरी तो आपल्याच मशिनवर राहतो.

फुकट देणं परवडतं ते याच रचनेमुळे. लाखो लोकांचे फोटो साठवायचे आणि त्यांच्यावर प्रक्रिया करायची, तर सर्व्हरच्या खोल्याच्या खोल्या लागल्या असत्या. इथे वीज वापरणाऱ्याची, मेमरी वापरणाऱ्याची. साइटकडे उरतं ते प्रोग्रॅम पोचवण्याचं काम, आणि तो खर्च कडेच्या जाहिरातींतून निघतो. जाहिराती नको असतील तर थोडे पैसे भरायचे.

याच रचनेतून मर्यादाही येतात. संगणक जुना आणि मेमरी कमी असेल, तर शंभर लेयरची अल्बमची फाइल रडतखडत उघडते. टॅब चुकून बंद झाला, तर सेव्ह न केलेलं काम गेलंच म्हणून समजा. छापायच्या कामात रंगांचा हिशेब आधीच छापखान्याशी जुळवून घ्यावा. आणि मजकूर लिहून नवं चित्र घडवून घेण्यासारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची कामं साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत. तिथे मोठी यंत्रं लागतात आणि बिल कुणाला तरी भरावंच लागतं.

म्हणूनच फोटो सुधारून देणारी कुठलीही फुकट साइट वापरताना किमतीआधी काम नेमकं कुठे होतंय, हे विचारावं. पारखायची रीत सोपी आहे: साइट पूर्ण उघडू द्या, वायफाय बंद करा, मग फोटो उघडून कापून बघा. फोटोपीत तो कापला जातो. जिथे काम अडतं, तिथे आपला फोटो बहुधा दुसऱ्याच्या मशिनवर जात असतो.