लोणारचे विम्लधर्मी जीवाणू आणि धुलाईची विकरे

बॅसिलस सबटिलिस हे नाव शेतकऱ्यांना जैविक बुरशीनाशक म्हणून परिचित आहे. याच कुळातील जीवाणूंपासून मिळणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, धुलाईच्या पावडरीतही वापरली जातात. अशा जीवाणूंच्या शोधात संशोधकांनी ज्या ठिकाणांचा अभ्यास केला, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे स्थान महत्त्वाचे आहे.

बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. या परिसरात काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आढळते. त्या काळी महत्त्व क्षारांना होते. आज त्या क्षारांत जगणाऱ्या जीवाणूंना आहे.

सामूचे महत्त्व

पावडर मिसळलेले धुण्याचे पाणी बरेच विम्लधर्मी असते. त्यात बहुतेक विकरे निष्प्रभ होतात. जर्मनीतील ऑटो रोम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकर धुलाईसाठी वापरले, तेव्हा हीच अडचण आली. १९६० च्या दशकात बॅसिलस जीवाणूंपासूनची विम्लधर्मी पाण्यात टिकणारी विकरे बाजारात आल्यावर ती दूर झाली.

प्रोटिएज हे विकर रक्त, दूध व घामातील प्रथिनांचे तुकडे करते. अमायलेज पेज व खळीतील स्टार्चचे, तर लायपेज तेल-तुपाचे विघटन करते. प्रयोगशाळेतील प्राथमिक चाचणी सोपी आहे. दूध पावडर मिसळलेल्या, सामू १० ठेवलेल्या अगारवर नमुन्यातील जीवाणू वाढवितात. ज्या वसाहतीभोवती पारदर्शक कडे उमटते, तिने दुधातील प्रथिन पचविलेले असते.

शेतीशी नाते

या जीवाणूंचे खाद्य शेतातूनच येते. सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा व भाताचा कोंडा यांवर ते चांगले वाढतात. विदर्भातील सोयाबीन पट्टा असो वा भिलाई-दुर्ग परिसरासह छत्तीसगडचा भात पट्टा, गिरणीतील या उपपदार्थांना पशुखाद्याखेरीज आणखी एक वापर मिळू शकतो. मात्र उत्पादनासाठी निर्जंतुक किण्वनयंत्रणा व प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. हा घरगुती उद्योग नव्हे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कच्च्या मालाचा एकसारखा दर्जा व नियमित पुरवठा यांवर भर देणे अधिक व्यवहार्य ठरेल.

अधिवास टिकला तरच

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सरोवरात गोडे पाणी व सांडपाणी मिसळत राहिल्यास क्षारता घटते आणि त्या पाण्यावाचून न जगणारे जीवाणू नष्ट होण्याचा धोका वाढतो. असा जीवाणू एकदा गमावला, तर त्याचे विकरही गेले.

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार जैविक संसाधनांच्या व्यावसायिक वापरातील लाभाचा न्याय्य वाटा स्थानिकांना मिळावयास हवा. त्यासाठी गावपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समिती सक्रिय आणि लोकजैवविविधता नोंदवही अद्ययावत असणे आवश्यक आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा.

घरच्या वापरासाठी

- विकरयुक्त पावडरीत कपडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत. उकळत्या पाण्यात विकरे नष्ट होतात व रक्ताचे डाग अधिक पक्के बसतात.
- रेशीम व लोकर ही स्वतःच प्रथिने असल्याने ती अशा पावडरीत धुऊ नयेत.