बक्षिसाचे बिल

२४ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात मतदान झाले. प्रश्न असा होता: पुढच्या मे महिन्यात आपल्या शहरात गाण्याची एक स्पर्धा भरणार आहे, तिच्यासाठी कँटनच्या तिजोरीतून सुमारे ३ कोटी ५० लाख फ्रँक द्यायचे की नाही? कँटन म्हणजे स्विस संघराज्यातले एक घटक राज्य. बाझेल-श्टाट हे त्यांतले जवळजवळ शहराएवढेच राज्य, वस्ती दोन लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत माणशी सुमारे १७० फ्रँक. ६६.६ टक्के मतदारांनी 'हो' म्हटले.

युरोव्हिजन गीतस्पर्धेकडे मी वळलो तो या मतदानामुळे. गाण्यांमुळे नव्हे, हे आधीच कबूल करतो. त्यांतली बरीचशी मला चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला या जातीची वाटतात. पण या स्पर्धेचे निकाल आणि तिच्या खर्चाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक मजेशीर हिशेब दिसू लागतो. येथे गायक जिंकतो, त्याला काचेचा मायक्रोफोन मिळतो, आणि पुढच्या वर्षीचे यजमानपद त्याला पाठवणाऱ्या दूरचित्रवाणी संस्थेच्या गळ्यात पडते. बक्षिसाबरोबर बिलही येते.

सुरुवातीला असे नव्हते. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमध्येच, लुगानो येथे झाली. देश ७, गाणी १४. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघाला अनेक देशांत एकाच वेळी कार्यक्रम दाखवता येतो का, हे पाहायचे होते. गाणे हे निमित्त. यजमान स्वित्झर्लंडच जिंकला, आणि परीक्षकांचे गुण कधीच जाहीर झाले नाहीत. विजेत्याने पुढची स्पर्धा भरवायची हा रिवाज त्यानंतर एक-दोन वर्षांत रुळला, आणि लगेच तो टाळणारेही निघाले. १९५९ मध्ये नेदरलँड्स जिंकला, पण एकच वर्ष आधी स्पर्धा भरवून झाली होती, त्याने नकार दिला. १९६२ चा विजेता फ्रान्स, त्यानेही हात वर केले. १९७१ मध्ये मोनॅको जिंकला, त्याच्याकडे योग्य सभागृहच नव्हते. या तिन्ही वेळा बीबीसी धावून आली. लक्झेंबर्ग १९७२ आणि १९७३ असा लागोपाठ जिंकला आणि दुसऱ्यांदा खर्च नको म्हणाला, पुन्हा बीबीसीच. म्हणून १९७४ ची स्पर्धा इंग्लंडमधल्या ब्रायटनला झाली आणि तेथे स्वीडनचा 'आबा' हा चौघांचा संच जिंकला. पॉप संगीताच्या इतिहासातला तो मोठा प्रसंग लक्झेंबर्गच्या काटकसरीमुळे ब्रायटनमध्ये घडला.

त्या विजयाचे बिल स्वीडनला १९७५ मध्ये आले. स्टॉकहोममध्ये स्पर्धा भरली तेव्हा बाहेर निषेध झाला आणि तिला उत्तर म्हणून पर्यायी संगीत महोत्सवही भरवला गेला. गाण्याच्या बाजारावर सार्वजनिक पैसा का उधळायचा, असा आक्षेप होता. १९७६ मध्ये स्वीडन स्पर्धेत उतरलाच नाही. पुन्हा जिंकलो तर काय, ही भीती त्यामागे होती.

ही भीती सर्वांत जास्त भोगली ती आयर्लंडने. १९९२, १९९३, १९९४ अशी लागोपाठ तीन वर्षे हा छोटा देश जिंकला. असे दुसऱ्या कोणत्याही देशाला आजवर जमलेले नाही. आरटीई ही तेथील सार्वजनिक प्रसारण संस्था परवाना शुल्क आणि जाहिराती यांवर चालणारी. १९९३ ची स्पर्धा तिने कॉर्क परगण्यातल्या मिलस्ट्रीट या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावात घेतली, घोड्यांच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या बंदिस्त मैदानात. ती जागा मालकाने स्वतःहून देऊ केली होती. १९९४ आणि १९९५ ला डब्लिन. १९९५ मध्ये आयर्लंड चौदावा आला, तेव्हा मुद्दाम पडेल गाणे निवडले की काय, अशी कुजबुज झाली. ती खरी मानायला मी तयार नाही, पण लोकांना ती पटण्याजोगी वाटली हे महत्त्वाचे. १९९६ च्या एप्रिलमध्ये 'फादर टेड' या विनोदी मालिकेचा एक भाग आला. त्यात स्पर्धेचा खर्च पुन्हा नको म्हणून हमखास हरेल असे भिकार गाणे देशातर्फे पाठवले जाते. पुढच्याच महिन्यात ऑस्लोमध्ये आयर्लंड खरोखर पुन्हा जिंकला! १९९७ ला परत डब्लिन. त्यानंतर आजपर्यंत आयर्लंड जिंकलेला नाही.

मात्र या खात्याला जमेची बाजूही आहे, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारी नव्हती. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमध्ये मतमोजणीपूर्वीची वेळ भरून काढायला सुमारे सात मिनिटांचे एक नृत्य ठेवले होते: बिल व्हेलन यांचे संगीत, मायकेल फ्लॅटली आणि जीन बटलर यांचे पदन्यास. त्या सात मिनिटांचे नाव 'रिव्हरडान्स'. पुढच्या फेब्रुवारीत त्याचा पूर्ण लांबीचा प्रयोग त्याच सभागृहात उभा राहिला आणि मग जगभर फिरला. त्या वर्षीचे विजेते गाणे आज किती जणांना आठवते? यजमानाला खर्चाचे फळ मिळाले ते स्पर्धेबाहेरच्या कार्यक्रमातून.

आता निकाल कसा लागतो, ते थोडक्यात. १९७५ पासून प्रत्येक देश आपल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत गुण देतो. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०१६ पासून परीक्षक मंडळाचे गुण वेगळे आणि प्रेक्षकांचे वेगळे मोजले जातात, शेवटी बेरीज. यामुळे दोन युरोप दिसू लागले. २०२३ मध्ये प्रेक्षकांनी फिनलंडला ३७६ आणि स्वीडनला २४३ गुण दिले. परीक्षकांनी स्वीडनला ३४० आणि फिनलंडला अवघे १५०. स्वीडन जिंकला. २०२४ मध्ये प्रेक्षकांचा कौल क्रोएशियाकडे अधिक होता, ३३७ विरुद्ध २२६. परीक्षकांच्या ३६५ गुणांच्या जोरावर स्वित्झर्लंडच्या नेमो यांचे गाणे पहिले आले. म्हणजे बाझेलच्या नागरिकांपुढे जे बिल आले, ते मुख्यतः संगीतातल्या जाणकारांनी फाडलेले होते.

त्याआधी १९८८ मध्ये स्वित्झर्लंडतर्फे कॅनडाच्या क्वेबेकमधली वीस वर्षांची सेलीन डिऑन गायली होती. शेवटच्या देशाचे, युगोस्लाव्हियाचे, गुण यायचे होते तेव्हा ब्रिटन पाच गुणांनी पुढे. युगोस्लाव्हियाने स्वित्झर्लंडला ६ दिले, ब्रिटनला शून्य. १३७ विरुद्ध १३६. एका गुणावर लोझान शहराला १९८९ ची स्पर्धा भरवावी लागली.

हा खर्च कोण उचलतो? सहभागी संस्था वर्गणी देतात, तिकिटे आणि प्रायोजक यांतून काही येते, यजमान संस्था मोठा भार घेते. बंदोबस्त, वाहतूक, शहरातले उत्सव हे शहराच्या वाट्याला. संघाला सर्वाधिक पैसा देणारे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली (२०२५ पर्यंत स्पेनही) हे उपान्त्य फेरी न खेळता अंतिम फेरीत जातात, हा नियम मला कधीच रुचलेला नाही. दुसऱ्या टोकाला रुमानिया आहे: २०१६ मध्ये तिच्या प्रसारण संस्थेकडे संघाचे १ कोटी ६० लाख फ्रँक थकले म्हणून, गायक निवडून झाल्यावर, स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना तिला बाहेर काढले. बॉस्निया २०१६ नंतर दिसलेला नाही; तेथेही कर्जच.

बाझेलमध्ये सार्वमत मागणारा एक छोटा धार्मिक पक्ष होता. उधळपट्टी आणि अधर्म हे त्याचे दोन आक्षेप. दुसऱ्याशी माझे देणेघेणे नाही, पण पहिला प्रश्न रास्त होता आणि तो पैसे देणाऱ्यांनाच विचारला गेला, हे मला या सगळ्या इतिहासात विरळ वाटते. स्टॉकहोममध्ये लोकांना त्यासाठी रस्त्यावर यावे लागले होते. दोन-तृतीयांश बाझेलकरांनी खर्च मंजूर केला. १७ मे २०२५ च्या रात्री फुटबॉलच्या मैदानात ३६,००० माणसे मोठ्या पडद्यावर अंतिम फेरी पाहायला जमली. ऑस्ट्रिया जिंकला आणि बिल व्हिएन्नाकडे गेले. यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मे या गायिकेला परीक्षकांनी २१४ गुण दिले आणि ती दहावी आली. युरोपभरच्या प्रेक्षकांकडून तिला मिळालेले गुण: शून्य.